सरपणातला आणि खांबातला

निवडणुकीच्या ड्युटीवर असताना मी मतदान केंद्र सोडून पळाले होते, हे मी आजवर कुठे लिहून दिलेलं नाही. नव्वदचं दशक तेव्हा निम्म्यावर आलं होतं. मी जव्हारच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि मोखाड्याच्या पुढे एका पाड्यावरच्या शाळेत मतदारांच्या बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे आलं होतं. दुपारची वेळ, मतदार तुरळक, उन्हाने डोळे मिटत होते. माझ्यापुढच्या यादीवर पिठासारखं काहीतरी पडत होतं. मी ते दोनदा फुंकलं. तिसऱ्यांदा वर पाहिलं, तर पडवीच्या खांबाला करंगळी सहज जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्यातून दोन काळ्या मिशा बाहेर येऊन हलत होत्या.

लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचं मला आधीपासून वेड. यांची अळी लाकडाच्या आत वाढते, लाकूड खाऊनच मोठी होते, आणि पंख फुटले की पोखरत पोखरत बाहेर येते. बाहेरचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. पण हा जो बाहेर आला तो मी कधीच पाहिला नव्हता. माझ्या अंगठ्याहून लांब, गर्द तपकिरी, आणि मिशा अंगाच्या दुप्पट. तो खांबावर क्षणभर थांबला आणि उडाला. मीही उठले. समोर एक म्हातारबुवा बोट पुढे करून उभे होते, ते तसेच राहिले. केंद्राध्यक्ष ओरडले, “अहो मॅडम, मतदार!” मी शाईची काडी हातात घेऊन अंगण ओलांडत होते. शेवटी मोहाच्या बुंध्यावर पदर टाकून त्याला धरला, तर तो मुठीत कुर्रकुर्र वाजायला लागला. सीलबंदीच्या लाखेचा डबा होता, त्यातली लाख काढून मी भुंगेरा त्यात घातला. म्हातारबुवा हसून म्हणाले, “त्याचा बी नाव हाय का यादीत?”

दुसऱ्या दिवशी घरी आल्या आल्या, चपलासुद्धा न काढता, मी माझी पेटी उघडली. त्यात आमच्याच घरी सापडलेले तीन लहान भुंगेरे टाचणीवर होते. आमच्याकडे गॅस होता, तरी आंघोळीचं पाणी बंबात तापायचं, त्यासाठी सासूबाई मोळी विकत घ्यायच्या, आणि त्या मोळीच्या काठ्यांतून दर उन्हाळ्यात हे भुंगेरे निघायचे. मी मोठ्याला लहानांच्या शेजारी ठेवलं. ठेवण तीच. पाठीवरच्या रेघा त्याच. पण लहान जेमतेम निम्मा, अंगावर राखाडी लव, आणि मिशा कशाबशा शेपटीपर्यंत पोचणाऱ्या. मोठ्याच्या पंखांच्या टोकाला काटा, लहानाच्या पंखांना काटाच नाही. सारखे, पण एक नव्हेत. म्हणजे दोन! भिंग हातात घेतल्यापासून पंधरा मिनिटांत मी हा निकाल देऊन मोकळी झाले होते.

साक्षीदारही लगेच मिळाला. मोळी घेऊन यायच्या त्या मावशी पन्नाशीच्या, पाच-सहा मैलांवरच्या पाड्यावरून डोक्यावर भार घेऊन चालत येणाऱ्या, आणि सासूबाईंशी आठ आण्यांवरून अर्धा तास भांडून मग त्यांच्याच हातचा चहा पिणाऱ्या. मी त्यांच्यापुढे दोन्ही भुंगेरे धरले आणि विचारलं, हे एक की वेगळे? त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नाही. “येगळे हाय नीं. ह्यो सरपनातला, ह्यो खांबातला.”

आणखी काय हवं? रानात जन्म गेलेल्या बाईने न अडखळता दोन नावं सांगितली. मी ती वहीत लिहून घेतली आणि खाली दोन रेघा मारल्या.

पुण्याला माझे मार्गदर्शक होते. त्यांना मी चार पानी पत्र लिहिलं आणि दोन्हींचे एकेक नमुने पाठवले. सरांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. सकृद्दर्शनी दोन वाटतात खरे. पण घाई नको. भरपूर नमुने जमवा, मधल्या मापाचे कुठे मिळतात का पाहा, नरांचे अवयव सोडवून चित्रं काढा. लहान जातीची नोंद मला कुठे सापडत नाही. दोन ठरल्या तर ही नवी जात असेल आणि जव्हारच्या नावाने ती प्रसिद्ध करू.

जव्हारच्या नावाने. ते कार्ड मी इतक्या वेळा वाचलं की घडी घालून घालून मधोमध फाटलं. याचं कारण सांगायला हवं. दोनेक वर्षांपूर्वी मी पुण्याला प्राध्यापकांच्या उजळणी वर्गाला गेले होते. पहिल्या दिवशी प्रत्येकाने उठून आपलं गाव सांगायचं होतं. मी जव्हार म्हटलं आणि सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत एक बाई हळूच म्हणाल्या, “म्हणजे ते वावर-वांगणी? मुलं उपासमारीने गेली ते?” पुढचे तीन आठवडे मी त्यांच्या लेखी तेवढीच होते. माझं दोन तालमींचं, राजवाड्याचं, डोंगराच्या माथ्यावर वसलेलं जव्हार, जिथे माझे वडील मास्तर होते आणि मी फ्रॉकमध्ये वाढले, ते कुणाला ठाऊकच नव्हतं. पेपरात आमचं नाव आलं ते एकदाच, आणि तेही असं. म्हणून मला ते नाव दुसऱ्या कशाला तरी चिकटवायचं होतं. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात टाचणीखालच्या चिठ्ठीवर जव्हार लिहिलेलं असेल, आणि वाचणाऱ्याला फक्त एक भुंगेरा दिसेल. एवढंच हवं होतं, आणि हवं होतं म्हणजे अगदी हट्टाने हवं होतं.

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसं आमचं झालं. मी स्टाफरूममध्ये बोलले, स्टाफरूममधून प्राचार्यांकडे गेलं, आणि प्राचार्यांनी स्नेहसंमेलनाच्या भाषणात “आपल्या मातीतला नवा जीव” असं सांगून टाळ्या घेतल्या. भूगोलाचे सर मला भुंगेबाई म्हणायला लागले. मी वरवर रागवायचे. खरं तर मला ते आवडायचं.

ते सगळं वर्ष मी पळत होते. रविवार आला की एसटी धरून मोखाड्याकडे जायचं, ओळखीच्या शिक्षकांच्या पाड्यांवर उतरायचं आणि लोकांच्या घरांचे खांब तपासायचे. बाया हसायच्या, पण भोक दाखवायच्या. आंब्याच्या नाही, सागाच्या क्वचित, ऐनाच्या खांबात मात्र हमखास. मोठे भुंगेरे तिकडे मिळत गेले. लहान मला जव्हारमध्येच मिळत होते, आमच्या आणि शेजारपाजारच्या मोळ्यांमधून. प्रत्येकाच्या टाचणीखाली मी चिठ्ठी लावायचे: मोठ्यांच्या चिठ्ठीवर मोखाडा, लहानांच्या चिठ्ठीवर जव्हार. पेटीत दोन फळ्या पडल्या. मधल्या मापाचा एकही नव्हता. दोन जाती, दोन तालुके, मध्ये कुणी नाही! सरांना मी हे लिहिलं तेव्हा पेन कागदातून आरपार जाईल इतका जोर होता.

राहिली होती ती नरांच्या अवयवांची तपासणी. कीटकांच्या दोन जाती बाहेरून कितीही सारख्या असोत, नराचा तो भाग वेगळा असतो, म्हणून निकाल त्याच्यावर लावायचा. पद्धत सोपी, पण संसारी घरात करण्यासारखी नाही. भुंगेऱ्याचं शेपूट कापायचं, पोटॅशच्या पाण्यात उकळायचं, मऊ झालं की सुईने आतला भाग सोडवायचा. कॉलेजातला बर्नर बिघडलेला, म्हणून मी जुनी वाटी घेऊन हे घरी करायला बसले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

“काय शिजतंय?”

“भुंग्याची शेपटी.”

“कशाला?”

मी सांगितलं. त्या नाकाला पदर लावून निघून गेल्या. संध्याकाळी मात्र त्यांनी ती वाटी चिमट्याने उचलून परसात नेऊन ठेवली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “तुझ्या बायकोने लग्नाआधी सांगितलं होतं का हे?”

कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली मी दोन्ही भाग ठेवले आणि पेन्सिलने चित्रं काढली. मोठ्याचा भाग टोकाला वळलेला, बाकदार. लहानाचा सरळसर. मला फरक स्पष्ट दिसला. दिसला म्हणजे, मी काढला.

आमचे हे बांधकाम खात्याच्या ऑफिसात ट्रेसर होते. दिवसभर रस्त्या-मोऱ्यांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर उतरवायचे. घरी आल्यावर पेन्सिलकडे बघायचीही इच्छा नसायची. पण माझी चित्रं पाहून ते म्हणाले, “मोजमाप न घेता काढलंस? आमच्या साहेबांनी फेकून दिलं असतं.” मी म्हटलं, मग तुम्ही काढा. गंमत म्हणून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी हे खरंच कॉलेजात आले, ग्राफपेपर घेऊन. सूक्ष्मदर्शकात चौकटीची जाळी असलेली काच बसवता येते, ती बसवायला लावली, आणि चौकट मोजून मोजून दोन्ही भाग काढले. लहानाचा काढताना प्रमाण बदललं, म्हणजे कागदावर दोन्ही एकाच लांबीचे आले. नदीवरचा पूल असावा तितक्या गंभीरपणे चाललं होतं. मग दोन्ही ट्रेसिंग पेपरवर उतरवून त्यांनी एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला लावले.

एकच चित्र दिसत होतं. एकाची रेघ दुसऱ्याच्या रेघेवर बसली होती. मी कागद सरकवून पाहिला, उलटा करून पाहिला.

“तुमची पेन्सिल जाड आहे,” मी म्हणाले.

“पेन्सिल तुझीच आहे.”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. डबा हातात न देता ओट्यावर ठेवायचे आणि वळायचे. राग त्यांच्यावर नव्हता हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, पण अबोला एकदा धरला की सोडायलाही काहीतरी निमित्त लागतं. मनातून मी माझं पहिलं चित्र पाहत होते. लहानाचा भाग मी सरळ काढला होता, कारण मला तो सरळ हवा होता. विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षं सांगत आले होते, दिसतं ते काढा, पुस्तकातलं नको. आणि स्वतः मात्र पोस्टकार्डावरचं काढून बसले होते.

तरी मी हार मानली नव्हती. एका अवयवाने काय होतं? मिशा वेगळ्या, काटे वेगळे, तालुके वेगळे. तिसऱ्या दिवशी मावशी मोळी घेऊन आल्या तेव्हा मी सहज विचारलं की ही काठी कुठली. इतके दिवस हा प्रश्न मला सुचला नव्हता, याचं आजही मला नवल वाटतं.

“आमच्या शेजारचीच. कां?”

मावशींचा पाडा मोखाड्याच्या रस्त्याला. म्हणजे काठ्या मोखाड्याकडच्याच ऐनाच्या. आमच्याकडे शेतीला राब लागतो. उन्हाळ्याआधी ऐनाच्या फांद्या तोडायच्या, त्यांचा पाला आणि बारीक डहाळ्या वाफ्यावर पसरून जाळायच्या, मग त्या राखेत नागलीचं आणि भाताचं रोप टाकायचं. पाला राबात जातो आणि नागवी काठी उरते, तिची मोळी होते. खोड मात्र कुणी तोडत नाही, घर बांधायचं असेल तरच. मी भुंगेऱ्याला जव्हारची चिठ्ठी लावली होती, पण तो मुळी मावशींच्या डोक्यावर बसून जव्हारला आला होता. आणि मधल्या मापाचे भुंगेरे मिळत नव्हते, कारण माणसं एक तर काठी तोडत होती, नाहीतर खांब. मधलं लाकूड कुणाला नको होतं, म्हणून मधला भुंगेरा नव्हता. दोन फळ्या मी पाडल्या नव्हत्या, त्या कुऱ्हाडीने पाडल्या होत्या!

मी तशीच ओट्यावर बसले. मावशींना वाटलं मला घेरी आली. घेरी नव्हती, डोकं भराभरा पळत होतं. आता एकच गोष्ट उरली होती: वाढवून बघायचं. मोठ्या मादीची अंडी बारीक काठीत, आणि लहान मादीची अंडी जाड ओंडक्यात. नवऱ्याशी अबोला तिथेच संपला, कारण मला मच्छरदाणी शिवायला माणूस हवा होता.

त्यातही खरा प्रश्न कुठला, ते मी आधीच ठरवून सरांना कळवलं. मोठ्याला बारीक काठीत उपाशी ठेवलं तर तो लहान होईल, त्यात नवल ते काय? उलटं काय होतं ते महत्त्वाचं. लहान आईचं मूल जाड लाकडात वाढूनही लहानच निघालं, तर लहान ही जात. मग माझा भुंगेरा नवा आणि जव्हारचं नाव पक्कं. मी सगळी आशा त्या ओंडक्यावर लावली.

ओंडका मावशींनी दिला. त्यांच्या बांधावरचा ऐन वाऱ्याने पडला, त्याचे मांडीएवढे जाड दोन तुकडे त्यांनी आणि त्यांच्या सुनेने बांबूला टांगून खांद्यावरून आणले. त्याच दिवशी मी ते मच्छरदाणीत गुंडाळले, बाहेरच्या कुणी येऊन अंडी घालायला नकोत. लोणच्याच्या बरणीत लहान नर आणि लहान मादी आठवडाभर ठेवली होती. मादी एका ओंडक्यावर सोडली. दुसरा तसाच रिकामा बांधून ठेवला, त्यातून काहीच निघायला नको. ताज्या तोडून लगेच झाकलेल्या काठ्यांच्या जुडीवर मोठी मादी सोडली. लहान मादीने जबड्याने सालीला चीर पाडली, वळली, शेपूट आत घातलं, पुन्हा पुढे गेली. असं ती चार दिवस करत होती. मग मेली. मी तिला टाचणीवर लावलं आणि चिठ्ठीवर फक्त “आई” लिहिलं.

मग वर्षभर वाट. पावसाळ्यात एकदा गॅसही संपला आणि मोळीही भिजली, पण सासूबाईंनी पडवीतल्या त्या कोरड्या ओंडक्याला हात लावला नाही. शेजारणीने मागितला तर म्हणाल्या, “तो बाळंत व्हायचाय.” दिवाळीच्या सुमारास मी ओंडक्याला कान लावला आणि आतून आवाज आला. कर्र, थांबून पुन्हा कर्र. मी यांना हाक मारली. ऑफिसला निघालेला माणूस, पॅन्टला माती लागेल म्हणून एका पायावर वाकून, कान ओंडक्याला लावून पाच मिनिटं तसाच उभा. “खातोय गं,” ते म्हणाले. “चांगला जेवतोय.”

एप्रिलच्या शेवटी आधी काठ्या बोलल्या. मच्छरदाणीत चार भुंगेरे निघाले, मोठ्या आईचे, आणि चारही लहान. राखाडी लव, आखूड मिशा, टोकाला काटा नाही. माझ्या पेटीतल्या “जव्हार” फळीत ठेवले असते तर मी स्वतःही ओळखले नसते. म्हणजे निम्मा निकाल लागला होता. मी स्वतःला सांगत राहिले, हे अपेक्षितच होतं, ओंडका बाकी आहे. तरी कॉलेजातून मधल्या सुट्टीत घरी येऊन मी ओंडका बघून जायचे. रिकामा ओंडका गप्प होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ओंडक्याखाली भुशाची छोटी रास होती. मी वर बघितलं नाही. यांना म्हटलं, तुम्ही मोजा. त्यांनी कंपासपेटीतला डिव्हायडर काढला, दोन टोकं भोकाच्या कडांना लावली, पट्टीवर ठेवली आणि पुन्हा एकदा मोजलं. मग म्हणाले, “तुझी करंगळी जाईल.”

बाहेर आधी मिशा आल्या. येतच राहिल्या. मला आठवतं, मी त्या मिशांना मनात म्हणत होते, थांब, आता पुरे, पण त्या संपेनात. मग डोकं, मग ते गर्द तपकिरी अंग. अंगठ्याहून लांब. मच्छरदाणीला चढून तो बसला आणि मी ओरडले. काय ओरडले ते मला माहीत नाही. सासूबाई पोळपाट हातात घेऊन धावत आल्या. मला वाटलं होतं, असं झालं तर रडू येईल. माझी जात गेली होती, जव्हारचं नाव गेलं होतं, प्राचार्यांच्या टाळ्या गेल्या होत्या. आणि मी यांचा दंड धरून हसत होते. एवढा आनंद मला ती जात सापडली तेव्हाही झाला नव्हता. खरं काहीतरी माझ्या पडवीत, माझ्या डोळ्यांपुढे घडलं होतं, आणि ते मला हवं होतं त्याच्या अगदी उलट होतं, म्हणून तर ते खरं होतं. आठवडाभरात ओंडक्यातून सात निघाले. सातही मोठे.

सरांना पत्र लिहायला मात्र दोन दिवस लागले. मी पाच मसुदे फाडले. शेवटी एवढंच लिहिलं: जात एकच. ज्याला लहान जात म्हटलं तो बारीक लाकडात अर्धपोटी वाढलेला. लिहून झाल्यावर त्या वाक्याकडे मी बघत बसले. जव्हारचा पत्ता वर, तारीख, आणि खाली हे. ज्या गोष्टीपासून मला माझ्या गावाचं नाव सोडवायचं होतं, तीच मी स्वतःच्या हाताने लिहून पुण्याला पाठवत होते. पाकीट चिकटवलं नाही. नमुन्यांची यादी सोबत जोडायची होती, म्हणून उघडंच ठेवलं.

त्या दिवशी मावशी आल्या. ओंडका त्यांचा, म्हणून त्यांना दाखवणं भागच होतं. मी टाचणीवरची लहान आई आणि तिच्या सातांमधला सगळ्यांत मोठा, असे दोघे त्यांच्या तळहातावर ठेवले.

“तुम्ही वेगळे म्हणाला होतात,” मी चिडवलं.

“येगळेच. ह्यो सरपनातला, ह्यो खांबातला.”

“पण मावशी, हा हिच्या पोटचा आहे.”

त्यांनी मान वर केली. “बारकीच्या?”

“हो.”

“बारकीच्या पोटचा ह्यो?”

मी पुन्हा हो म्हणाले. त्यांनी दोन्ही भुंगेरे डोळ्यांजवळ नेले, मग दूर धरले. “त्याला काय घातलास?”

“काही नाही. जाड लाकूड दिलं. अंड्यातून निघाल्यापासून पोटभर.”

“कवापास्नं म्हन्लास?”

“पहिल्या दिवसापासून.”

त्या खाली बसल्या. चहा पुढे आला तरी घेतला नाही. त्यांच्या मुलाची मुलगी तीन वर्षांची, हे मला ठाऊक होतं. दर महिन्याला पाड्यावर तिचं वजन होतं, हेही त्या सांगायच्या. आता त्या सांगायला लागल्या की वजन करायला बाई येते ती काट्याकडे बघून दरवेळी हेच म्हणते, तुमच्या लोकांची हाडंच बारीक, तुमची जातच तशी, आजी बारीक, आय बारीक, पोर कुठून मोठी होनार. असं म्हणून ती कार्डावर सही करते आणि पुढच्या घरी जाते. “मना बी तसाच वाटं,” मावशी म्हणाल्या. “आमी बारीकच.”

त्या वजनवाल्या बाईला नावं ठेवायला माझी जीभ उचलेना, कारण ते वाक्य माझंही होतं. उजळणी वर्गात त्या बाईंनी मला मुलांविषयी विचारलं तेव्हा जव्हारची बाजू घेताना मी तावातावाने हेच सांगितलं होतं: आमच्याकडची माणसं मुळातच लहान चणीची असतात, पेपरवाले उगाच मोठं करतात. अळ्यांच्या बाबतीत जे शिकायला मला दोन वर्षं आणि एक ओंडका लागला, ते माणसांच्या बाबतीत मी न बघताच ठरवून टाकलं होतं.

मावशी उठल्या. त्यांनी मोठा भुंगेरा हातात ठेवून घेतला. “ह्यो मना दे. सोमवारी वजनाला येल ती, तिला दावतंय.”

मी स्वयंपाकघरातली मोठी काडेपेटी रिकामी केली, कापूस घातला, त्यात तो ठेवून दिला. त्या तिथेच उभ्या राहिल्या.

“आय बी दे, बाय. नुसता लेक दावून कोन मानंल?”

ती आई म्हणजे माझ्या सगळ्या कामाचा पुरावा होती. ती नसेल तर सात मोठे भुंगेरे म्हणजे नुसते सात मोठे भुंगेरे, कुठल्याही खांबातले. सर सगळ्यांत आधी तिलाच मागणार होते. मावशींचं म्हणणं नेमकं तेच होतं, आणि माझ्याआधी त्यांना ते सुचलं होतं. मी टाचणीसकट आई काढली आणि त्याच काडेपेटीत लेकाच्या शेजारी खोचली. मावशींनी पेटी लुगड्याच्या ओच्यात बांधली, वरून दोनदा चाचपून बघितली, मोळीचे पैसेसुद्धा न मोजता घेतले आणि निघाल्या.

मग मी पुण्याला पाठवायची यादी पुरी केली. संग्रहालयात एखादा नमुना दुसऱ्या कुणी बघायला नेला की त्याच्यापुढे तशी नोंद करतात. आई आणि सगळ्यांत मोठा नर, या दोन ओळींपुढे मी लिहिलं: तपासणीसाठी बाहेर दिले आहेत. आणि पाकीट चिकटवलं.